आयरिसची फुले आणि पंचगंगेचे पाणी

महाराष्ट्रात नव्या विद्येचा प्रसार कसा झाला याविषयी लिहिणाऱ्यांनी विद्यापीठे, ग्रंथालये आणि छापखाने यांचा पुष्कळ विचार केला आहे. कोल्हापुरातील रविवार सकाळचा विचार मात्र त्यांच्याकडून राहून गेलेला दिसतो. या दिवशी घरातील एका कर्त्या माणसाने मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहणे ही येथील जुनी रीत असून, २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरवाढीविरुद्ध या शहरात आंदोलन झाले होते हे आठवले, की त्या रांगेचे सामाजिक वजन ध्यानात येते. साहजिकच डेटा सायन्सच्या हौशी अभ्यासकांची बैठक भरवायची, तर ती दहाच्या आधी सुरू करता येत नाही, कारण तोवर रांग हललेली नसते, आणि साडेबाराच्या पुढे लांबवता येत नाही, कारण घरी तांबडा-पांढरा रस्सा तयार असतो. उरलेल्या अडीच तासांत माणसाने यंत्राला शिकवायचे असते.

डेटा सायन्स म्हणजे नोंदींच्या ढिगातून संख्याशास्त्र आणि संगणक यांच्या साहाय्याने काही उपयोगी निष्कर्ष काढण्याची विद्या, आणि ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येते असे सॉफ्टवेअर. या विद्येची आजची बहुतेक हत्यारे मुक्तस्रोत आहेत. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा, न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी घडवलेली आर ही भाषा, वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये लिहायला घेतलेले आणि कोष्टकातील माहिती चाळण्या-गाळण्याच्या कामी येणारे पांडाज, ही सारी कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. यांपैकी एकाही गृहस्थाने आजवर कोल्हापुरात वर्गणी मागितलेली नाही, ही गोष्ट पावतीपुस्तके पाहत लहानाच्या मोठ्या झालेल्या पेठांतील तरुणांना आरंभी खरी वाटत नाही.

ज्या शहराने आपल्या रस्त्यांवरचा टोल कित्येक वर्षे झुंजून अखेर रद्द करवून घेतला, त्याला लायसन्सची फी नसलेले सॉफ्टवेअर तत्त्वतः पटावे, ही अपेक्षा गैर नाही. अडचण एवढीच, की फी न भरता सॉफ्टवेअर वापरण्याची परंपरा येथे, आणि खरे तर देशभर, मुक्तस्रोताच्या प्रचाराआधीपासून रुजलेली आहे. संगणक विकत देणारा दुकानदार ‘सगळं टाकून देतो’ असे म्हणे, आणि त्या सगळ्यात नेमके काय काय आहे हे गिऱ्हाइकाने विचारू नये असा दोघांमध्ये अलिखित करार असे. अशा गिऱ्हाइकाला कायदेशीर मार्गाने फुकट मिळणारी वस्तू दाखवली की तो दचकतो. बेकायदा फुकटाचा हिशेब त्याला ठाऊक असतो, कायदेशीर फुकटात काहीतरी गोम असणार असे त्याला वाटते. म्हणूनच बैठकीत पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारतो, “पण मग यात त्यांचा काय फायदा?” या प्रश्नाचे उत्तर देण्यात जगभरच्या मुक्तस्रोतवाल्यांची दशके खर्ची पडली असून, कोल्हापुरात ते चहा येईपर्यंत द्यावे लागते.

मुक्तस्रोताची कल्पना या शहराला परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही, कारण तालीम ही येथील मूळची ज्ञानसंस्था आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान खुले झाले, आणि पेठापेठांतल्या तालमींत पहाटे उठून येणाऱ्या पोराला थोरल्यांनी डाव दाखवावा, त्याने तो घोटावा आणि पुढे धाकट्याला दाखवावा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मात्र त्याच परंपरेत, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो पण एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो, अशीही एक सर्वमान्य समजूत आहे, आणि मुक्तस्रोत चळवळीचा सारा खटाटोप नेमका या राखून ठेवलेल्या डावाविरुद्ध आहे. कोल्हापूरच्या बैठकांत या दोन परंपरांची गाठ पडते. वक्ता पडद्यावर आपल्या प्रतिमानाचे, म्हणजे नोंदींवरून भाकीत करणाऱ्या गणिती रचनेचे, यश टक्केवारीत दाखवतो, सभागृहातून “नाद खुळा!” अशी दाद मिळते, आणि कोणी आज्ञावली मागितली की वक्ता प्रसन्न चेहऱ्याने सांगतो, “कोड ग्रुपवर टाकतो.” हे वाक्य म्हणजे राखलेला डाव होय. ग्रुपवर पुढे वक्त्याचा शाल-श्रीफळासह फोटो येतो, चहाच्या खर्चाचा हिशेब येतो, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. कोड येत नाही.

बैठकीला येणाऱ्यांचे वर्गीकरण करणे, यंत्राच्या मदतीशिवायही, अवघड नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी संख्येने सर्वांत अधिक असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राविषयी असतो. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून आलेला फाउंड्रीतला एखादा अभियंता मागच्या रांगेत गप्प बसतो. ओतीव भागांपैकी किती सदोष निघाले याच्या कित्येक महिन्यांच्या खऱ्याखुऱ्या नोंदी त्याच्याजवळ असतात, म्हणजे सभागृहातील एकमेव मौल्यवान डेटा त्याच्या पिशवीत असतो, पण मालकाला विचारल्याशिवाय तो दाखवता येत नसल्याने त्याचे बोलणे “आमच्याकडं जरा वेगळं असतं” या वाक्यापलीकडे जात नाही. हिंजवडीत नोकरी करणारा आणि शनिवार-रविवार गावी येणारा कागलचा किंवा गडहिंग्लजचा तरुण हा ठरलेला वक्ता असतो. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे तो नेहमी उशिरा पोहोचतो, पुण्यात त्याला सहकारी नावाने हाक मारतात, येथे आल्याबरोबर तो ‘सर’ होतो, आणि प्रश्नोत्तरे रंगली की ‘सर’चा पुन्हा ‘भावा’ होतो. या शेवटच्या संबोधनाला तो मनातून सर्वांत अधिक किंमत देतो, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळते.

उरतो तो संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. त्याच्याकडे आयोजक थोडे भीतीने पाहतात, कारण तो फक्त एकच प्रश्न विचारतो आणि तो नमुना कसा निवडला याविषयी असतो. या प्राध्यापकाच्या पाठीशी या गावची मोठी पुण्याई उभी आहे. संख्याशास्त्रात जागतिक कीर्ती मिळवणारे वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ मध्ये कोल्हापुरातच जन्मले, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले, पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले; शिवाय १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही या विषयाचे अध्यापन निष्ठेने चालत आले आहे. डेटा सायन्स ही गेल्या दहा वर्षांत परदेशातून आलेली चीज आहे असे तरुण वक्ता सांगू लागला, की हा प्राध्यापक चष्मा पुसू लागतो. वक्त्याने त्या वेळी थांबणे इष्ट असते.

प्रत्यक्ष कामकाजाचा पहिला पाऊण तास ‘इन्स्टॉलेशन’ नावाच्या विधीत जातो. आमंत्रणात ‘येताना सॉफ्टवेअर टाकून आणावे’ अशी सूचना ठळक अक्षरांत दिलेली असते आणि ती वाचून सर्वांनी अंगठा दाखवलेला असतो. लॅपटॉप उघडल्यावर मात्र कोणीही ते टाकून आणलेले नाही हे स्पष्ट होते. मग पस्तीस जण सभागृहाच्या एकाच वायफायवरून अ‍ॅनाकोंडा हा पायथनचा भलामोठा गठ्ठा एकाच वेळी उतरवू लागतात, आणि पडद्यावर उरलेला वेळ सोळा मिनिटांवरून अकरा तासांवर जातो. शेवटी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवर तो गठ्ठा सापडतो. भिंतीतल्या दोन सॉकेटांपैकी एक प्रोजेक्टरने आणि दुसरे पंख्याने अडवलेले असल्यामुळे मंडपवाल्याकडून आणलेला लांब वायरीचा बोर्ड मधल्या वाटेत पसरलेला असतो. चहाची किटली घेऊन येणारा पोऱ्या त्यात हमखास पाय अडकवतो, चार लॅपटॉप एकदम बंद पडतात आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून उतरू लागतो.

त्यानंतर फुले येतात. या विद्येत नव्या माणसाला पहिला धडा आयरिस नावाच्या फुलांवर देण्याची जगभर प्रथा आहे. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने जमवलेली मोजमापे रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये आपल्या निबंधात वापरली. तीन जातींची प्रत्येकी ५०, म्हणजे एकूण १५० फुले, आणि प्रत्येकाच्या निदलाची व पाकळीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये. एवढ्या मोजमापांवरून फूल कोणत्या जातीचे हे यंत्राला ओळखता येते. कोल्हापुरातील तरुण या फुलांची नावे, पाकळ्यांच्या सरासरीसह, झोपेत विचारली तरी सांगू शकतात. त्यांच्यापैकी आयरिसचे फूल कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसते. जवळच्या फुलबाजारात रोज काय भावाने काय विकले जाते याची नोंद मात्र कोणाकडेच नसते.

दुसरा धडा टायटॅनिक जहाजाचा. प्रवाशाचा वर्ग, वय आणि लिंग पाहून तो वाचला की बुडाला हे यंत्राने सांगायचे, आणि त्यासाठी शिकाऊ यंत्राला ८९१ प्रवाशांची यादी दिली जाते. ज्यांचे भवितव्य १५ एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे खासबागेचे मैदान खुले झाले त्याच वर्षी, कायमचे ठरून गेले, त्यांच्याविषयी भाकिते करण्यात येथील बुद्धिमत्ता खर्च होते आणि आठवड्यात दोन टक्क्यांनी भाकीत सुधारले तर मित्राकडून मिसळ वसूल केली जाते. बुडण्याच्या विषयात कोल्हापूरकराला अटलांटिकपर्यंत जाण्याची गरज नव्हती, ही गोष्ट कोणाच्या तरी लक्षात येते ती साधारणपणे जूनमध्ये.

पावसाळ्यातील कोल्हापूर हे, थोडी अतिशयोक्ती करून, महाराष्ट्रातील सर्वांत संख्यासाक्षर शहर म्हणता येईल. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. जुलै लागला की माणसे एकमेकांना भेटल्यावर खुशाली विचारण्याऐवजी “किती झालं?” असे विचारतात, आणि उत्तर फूट व इंचांत मिळते. किती बंधारे पाण्याखाली गेले, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, विसर्ग किती क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी सुटते, ही आकडेवारी पानपट्टीवर मुखोद्‌गत असते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. सार्वजनिक कामकाजात एखादी गोष्ट कोणाच्याही सहीवाचून वेळेवर घडण्याचे हे उदाहरण दुर्मीळ असल्याने लोकांना त्या दरवाजांविषयी विशेष आदर आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग काही दिवस बंद पडला तेव्हा तर घराघरांत तासातासाच्या पातळीची वही ठेवलेली होती.

हे सारे आकडे सार्वजनिक असतात, पण मुक्त नसतात, आणि या भेदाशी या बैठकांची खरी गाठ पडते. सॉफ्टवेअर जगाने फुकट दिले. त्यात घालायचे आकडे गावाचे गावालाच जमवावे लागतात. पातळीचा संदेश मोबाइलवर येतो तो बहुधा टंकलिखित कागदाच्या फोटोच्या रूपात, थोडा तिरका आणि एका कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्यासह. यंत्राला थेट वाचता येईल अशा कोष्टकात ही माहिती हवी, असे सर्वांचे एकमत होते, आणि मग चार उत्साही पोरे जुने संदेश शोधून एकेक आकडा हाताने भरू लागतात. कोल्हापुरातील डेटा सायन्स येथे सुरू होते. त्याआधीचे सारे फुलांचे कौतुक.

पहिला घोळ इंचांचा. संदेश लिहिणारा घाईत ‘३९ फूट १० इंच’ याऐवजी ३९.१० असे लिहितो आणि वाचणाऱ्या कोल्हापूरकराला ते बिनचूक कळते. यंत्राला बारा इंचांचा फूट ठाऊक नसतो. ते टिंबापुढच्या आकड्याला दशांश समजते आणि ३९.१० म्हणजे ३९.१ असे मानते. त्यामुळे ३९ फूट १ इंच आणि ३९ फूट १० इंच या दोन वेळच्या पातळ्या त्याच्या लेखी एकच ठरतात. शिवाय नदी संथपणे चढत ३९.९ वरून ३९.१० ला पोहोचली, की आलेखावर ती एका तासात साडेनऊ इंच उतरलेली दिसते, तिथे दोन इंच रेंगाळते आणि ४० ला एकदम उसळी मारते. प्रत्येक फुटात अशी एक दरड कोसळते. हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर आला की एखादा विद्यार्थी त्यात बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्याचा परिणाम शोधतो, दुसरा भरती-ओहोटीचा उल्लेख करतो, आणि कोल्हापूर समुद्रकाठी नसल्याची त्याला आठवण करून द्यावी लागते.

एक सुखद अपवाद येथे नोंदवला पाहिजे. कित्येक संदेशांत आकडे देवनागरीत असतात आणि ते सारे आता पुन्हा भरावे लागणार या विचाराने पोरे खचलेली असतात. पण अवतरणचिन्हांत देवनागरी ३९ लिहून त्याची संख्या करून दे असे पायथनला सांगितले, तर ती कुरकुर न करता करून देते. इंग्लंडमधील एका विनोदी नटमंडळीच्या नावावरून जिचे बारसे झाले त्या भाषेला देवनागरी अंक कळावेत, आणि त्याच सभागृहातील निम्म्या मुलांना एकोणसाठ की एकोणसत्तर यासाठी बोटे मोडावी लागावीत, यावर निवृत्त प्राध्यापक काही बोलत नाहीत, फक्त पुन्हा चष्मा पुसतात.

एवढ्यात गंगावेशीतले एखादे वयस्कर गृहस्थ, जे सभागृहात मुळात भाच्याला न्यायला आलेले असतात, उभे राहतात. त्यांचे प्रतिमान निराळे असते. पाणी जामदार क्लबाशी कधी आले, सुतारवाड्यात कधी शिरले, त्या वेळी गगनबावड्याकडे आभाळ कसे होते, एवढ्यावरून ते उद्या सकाळची पातळी सांगतात. “पोरानू, एवढं कशाला चालवायचं? मला इचारा की,” असे ते म्हणतात, आणि त्यांचा अंदाज बरोबर येतो ही सर्वांची तक्रार असते. त्यांना आज्ञावली मागण्याची सोय नसते. त्यांच्या आठवणी कोष्टकात उतरवाव्यात असा ठराव होतो, आणि ते काम भाच्याकडे सोपवले जाते. भाचा तोवर प्रमाणपत्राच्या रांगेत गेलेला असतो.

साडेबाराच्या सुमारास वक्ता शेवटच्या आणि सर्वांत धोकादायक पाटीवर येतो. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे संख्याशास्त्राचे आद्य सूत्र तो उदाहरणासह समजावतो आणि अनवधानाने उदाहरण धरणाचे घेतो. सभागृहात शांतता पसरते. “म्हणजे अलमट्टीमुळं नाही, असं म्हणायचंय काय तुम्हाला?” मागून आवाज येतो. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे कृष्णा आणि पंचगंगेच्या खोऱ्यात पूर येतो, ही या भागातील दृढ श्रद्धा असून, २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने तो ठपका मान्य केला नाही तेव्हापासून ती अधिकच दृढ झाली आहे. पुढची वीस मिनिटे सहसंबंध, कार्यकारणभाव आणि दोन राज्यांचे संबंध एकाच दमात चर्चिले जातात. वक्ता आपण स्वतः कागलचे असल्याचे दोनदा सांगतो. आयोजक घड्याळ दाखवतो, घरून आलेले फोन वाजू लागतात, आणि ज्या सभेला कोणताही अध्यक्ष आवरू शकला नसता तिला रस्सा आवरतो.

बैठकीचे फलित मात्र उरते. हाताने भरलेले ते कोष्टक एका सार्वजनिक संग्रहात, ज्याला या व्यवहारात रिपॉझिटरी म्हणतात, ठेवले जाते आणि कोणीही ते घ्यावे, सुधारावे, असे खाली लिहिले जाते. सुधारणा सुचवण्याची रीत अशी, की बाहेरच्या माणसाने आपल्या प्रतीत बदल करून तो मूळ संग्रहात सामील करण्याची विनंती पाठवायची आणि मूळ संग्रहाच्या राखणदारांनी ती तपासून स्वीकारायची. जगात कोठूनही मदत येऊ शकते, असे सांगून आयोजकांनी सर्वांचा उत्साह वाढवलेला असतो. पण अशा कामात पहिली विनंती यायची ती बहुधा सांगलीहून येते. तेथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट पूर्वीपासून चालत आलेला आहे, त्यामुळे ही रीत तेथील पोरांच्या हातात बसलेली असते. सांगलीकराने फूट आणि इंच यांचे दोन वेगळे स्तंभ करून ३९.१० चा घोळ मुळातून मिटवलेला असतो, सगळ्या जुन्या नोंदी दुरुस्त केलेल्या असतात, आणि त्याच विनंतीत कृष्णेच्या आयर्विन पुलाचा एक नवा स्तंभही जोडलेला असतो, ज्यात इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट दाखवलेली असते.

कोल्हापूरच्या राखणदारांपुढे यामुळे बिकट प्रसंग उभा राहतो. दुरुस्ती बिनचूक असते, पण ती घ्यायची तर सांगलीचा ४५ चा आकडा कोल्हापूरच्या ४३ शेजारी आणि त्याहून वरचढ दिसणार; आणि नाकारायची तर पंचगंगा दर फुटाला एकदा कोसळत राहणार. आयर्विन पुलाचा आणि राजाराम बंधाऱ्याचा शून्य एकाच उंचीवर नसल्याने या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, असे प्राध्यापक लेखी कळवतात, परंतु त्यावर कोणाचे समाधान होत नाही. एक पक्ष म्हणतो, स्तंभ वगळून फक्त इंच घ्यावेत. दुसरा म्हणतो, त्यांचे इंच घेतले म्हणजे त्यांचे ऐकले असे होईल. विनंतीखाली कोल्हापूरकडून तूर्त एवढाच शेरा पडतो: “लई भारी काम. रविवारी बोलून ठरवतो.” सांगलीहून तासाभरात उत्तर येते, की रविवारी आमच्याकडेही मटण असते, शनिवारी ठरवले तर बरे.